गाडी ‘कधीकधी’ चालू होत नाही, आणि दरवेळी बळी बॅटरीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी गाडीच्या देखभालीवर एक लेख आला होता. लेख तसा चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की गाडी चालू व्हायला कुरकुर करत असेल तर सगळ्यात आधी बॅटरी बदलून घ्या. त्या एका वाक्यावर मला लिहायचंच होतं, कारण मी नेमकं तेच करून बसलोय. आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ (चावी फिरवल्यावर इंजिन फिरवून देणारी मोटर) बदलला, मग इग्निशन स्विच बदलला आणि शेवटी बिघाड निघाला एका रिलेच्या (बारीक करंटच्या हुकमावर मोठा करंट सोडणारी छोटी डबी) खाली, तिथली एक पिन सैल झाली होती, बारीक पकडीने दाबली आणि पाच मिनिटांत काम झालं. या सगळ्यात अडीच महिने गेले आणि एक चांगला चालणारा सेल्फ भंगारात गेला.

पूर्ण मेलेली गाडी शोधायला सोपी असते हो. ती तशीच पडून असते, मीटर लावा, वायर तपासा, सापडतंच. खरा वैताग म्हणजे दहा वेळा नीट चालू होणारी आणि अकराव्या वेळी ढिम्म न हलणारी गाडी. ती गॅरेजला नेली की पहिल्या चावीला चालू, अगदी डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दात दुखायचा थांबतो तसं. मेकॅनिक म्हणतो काहीच नाहीये, आपण म्हणतो अहो काल तीनदा झालं, मग तो आपल्या समाधानासाठी काहीतरी बदलतो. आणि गंमत म्हणजे ते बदलल्यावर गाडी चार-आठ दिवस खरंच नीट चालते! हे का होतं ते पुढे सांगतो, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्यच काही कामाचं नाही. चावी फिरवल्यावर नेमकं काय ऐकू आलं ते सांगितलं पाहिजे. काहीच आवाज नाही, एकदाच खट्‌ असा आवाज, खटखटखटखट असा भराभर आवाज, की इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि चौघींचं घर वेगळं आहे. भराभर खटखट म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढला जातोय, पण ओढला गेल्या गेल्या व्होल्टेज कोसळतं म्हणून सुटतो, सुटला की व्होल्टेज परत येतं, परत ओढला जातो. ही बहुतेक वेळा कमजोर बॅटरीची किंवा खराब टर्मिनलची खूण. एकच दमदार खट्‌ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट जळलेत का, सेल्फचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत का हे बघायचं. अशा वेळी जुने लोक सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकतात आणि गाडी चालू होते, तो काही जादूटोणा नाही, अडकलेला कार्बन जरा सरकतो इतकंच, पण ठोकल्यावर चालू झाली तर सेल्फ उघडायची वेळ आली हे नक्की समजा. आणि काहीच आवाज नसेल तर बिघाड बहुतेक सेल्फपर्यंत पोचणाऱ्या हुकमाच्या वाटेवर असतो, म्हणजे इग्निशन स्विच, रिले, फ्यूज, क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरचा पार्क-न्यूट्रल स्विच. ऑटोमॅटिकवाल्यांनी पार्कमध्ये चालू होत नसेल तर ब्रेक दाबून न्यूट्रलला टाकून चावी मारून बघावी, तिथे चालू झाली तर अर्धा शोध तिथेच लागला.

माझी गाडी यातल्या ‘काहीच आवाज नाही’ वाल्या प्रकारातली होती. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि चावी फिरवली की शुकशुकाट. तरी पहिल्या दिवशी मीच घरात जाहीर केलं की बॅटरी गेली. का, तर शेजारच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडली आणि चालू झाली म्हणून. आता हा पुरावा वाटतो ना? मलाही वाटला होता.

इथे थोडं थांबून टर्मिनलबद्दल सांगतो, कारण ‘लाईट नीट लागतायत म्हणजे करंट येतोय’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता राग येतो. सेल्फ फिरताना साध्या पेट्रोल गाडीत सुद्धा शे-दीडशे अँपिअर खेचतो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. समजा टर्मिनलवर तो पांढरा-हिरवट भुगा साचलाय आणि त्याने 0.01 ओहम एवढाच अडथळा तयार झालाय, मीटरला धड दिसणारही नाही इतका कमी. हेडलाईट 10 अँपिअर घेतायत तर त्या अडथळ्यावर 0.1 व्होल्ट वाया जाणार, लाईटला पत्तासुद्धा लागत नाही. पण सेल्फ 150 अँपिअर मागायला गेला की तिथेच 1.5 व्होल्ट गायब. म्हणजे तोच सांधा लाईटसाठी ठणठणीत आणि सेल्फसाठी आजारी. आणि इंजिन ते बॉडी जी अर्थिंगची पट्टी असते तिच्याकडे तर कोणी बघतच नाही, ती गंजली तरी तंतोतंत हीच लक्षणं.

म्हणून साधं मल्टिमीटर घेऊन बसा असं मी म्हणतो, फार अक्कल लागत नाही. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसलं तर पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसतं उभ्या गाडीवर बघून थांबू नका, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा, नेहमीच्या हवेत तो साडेनऊच्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर चार्जिंग देत नाहीये आणि तुम्ही कितीही नवीन बॅटऱ्या आणल्या तरी त्या उपाशीच मरणार (काही नव्या गाड्यांत चार्जिंग कंप्युटर कमीजास्त करतो, तिथे आकडा हलताना दिसला तर घाबरू नका). मग खरी परीक्षा. मीटरची एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच बाजूच्या केबलच्या शेवटच्या टोकाला, आणि सेल्फ मारा. अर्थिंगच्या बाजूला 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं किंवा पॉझिटिव्हच्या बाजूला 0.5 च्या वर गेलं तर चोर त्याच वाटेवर आहे, मग एकेक सांधा मागे मागे येत पकडायचा. नुसतं डोळ्याने बघून टर्मिनल स्वच्छ आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, वरून चकचकीत आणि क्लॅम्पच्या आतून काळं हे मी स्वतः पाहिलंय.

तर दुसऱ्या गाडीने जंप दिल्यावर चालू झाली याचा अर्थ बॅटरी खराब असा होतोच असं नाही. चिमटा लावताना तुम्ही टर्मिनल हलवता, कधी चिमटा थेट केबलवर बसतो आणि खराब सांधा बाजूलाच पडतो. माझ्या बाबतीत तर अजून मजा होती. बॅटरीला अगदी चिकटून रिले-फ्यूजचा डबा आहे, आणि चिमटा लावायला हात घातला की मनगटाने तो डबा दाबला जायचा. तो दाबला गेला की सैल पिन टेकायची आणि गाडी चालू! नवीन बॅटरी बसवताना डबा हलला, आठ दिवस सुख. सेल्फ बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, परत डबा हलला, परत दहा-बारा दिवस सुख. प्रत्येक वेळी आम्ही सगळे खूश की सापडलं एकदाचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि फाशी दिल्यावर चोऱ्याही थोडे दिवस थांबत होत्या, त्यामुळे न्याय झालाय अशी सगळ्यांची खात्री पटत होती. कधीकधी येणाऱ्या बिघाडात हाच सापळा आहे, पार्टने गाडी बरी होते असं दिसतं, प्रत्यक्षात बरी होते ती तिथे हात लागल्यामुळे.

शेवटी तिसरा पार्ट बदलूनही गाडी अडकली तेव्हा मी ठरवलं की आता एकही वस्तू विकत आणायची नाही, आधी वही करायची. गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवलं. अडकली की लिहायचं, इंजिन गार होतं की गरम, किती वेळ उभी होती, पाऊस होता का, पेट्रोल किती होतं, आवाज काय आला, कितव्या प्रयत्नात आणि काय केल्यावर चालू झाली. बायको हसली, म्हणाली गाडीची पत्रिका मांडताय की काय. पण नऊ नोंदी झाल्यावर आठ वेळा एकच गोष्ट दिसली, इंजिन गरम आणि गाडी दहा मिनिटं ते अर्धा तास उभी. सकाळी थंड इंजिनवर एकदाही नाही. इंजिन बंद केल्यावर आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि बोनेटखालची उष्णता उलट थोडा वेळ वाढत जाते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यामुळे सगळ्यात जास्त ताप बंद केल्यानंतर काही मिनिटांनी असतो, चालताना नाही. म्हणजे उष्णतेने काहीतरी सुटतंय एवढं कळलं.

मग एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सुचवलेली युक्ती केली, आणि संपादक महोदय, हीच खरं तर या पत्राची मुख्य गोष्ट आहे. सेल्फच्या सोलेनॉइडवर जी बारकी वायर येते, म्हणजे चावी फिरवली की जिच्यातून हुकूम येतो ती, तिला एक लांब वायर जोडली, मध्ये छोटा फ्यूज टाकला, गरम सायलेन्सर आणि इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवून ती खिडकीतून आत आणली आणि टोकाला एक बल्ब, बल्बचं दुसरं टोक अर्थिंगला. बस. चावी फिरवली की बल्ब लागतो आणि सेल्फ फिरतो, रोज तसंच. आता ज्या दिवशी गाडी अडकेल त्या दिवशी फक्त बल्ब बघायचा. लागला आणि सेल्फ फिरला नाही तर दोष सेल्फ, त्याची जाड केबल नाहीतर अर्थिंग. नाही लागला तर सेल्फ बिचारा निर्दोष, हुकूमच पोचत नाहीये. सातव्या दिवशी अडकली. बल्ब विझलेला. त्या क्षणी आधी आनंद झाला आणि मग भंगारात दिलेला सेल्फ आठवला.

त्यानंतर जास्त वेळ लागला नाही. पुढच्या वेळी अडकली तेव्हा मुलाला चावी फिरवायला बसवलं आणि मी रिलेवर बोट ठेवलं. रिले टक्‌ करत होता. म्हणजे चावी, क्लच स्विच, रिलेची कॉइल सगळं ठीक, पुढे जाणारा करंट तेवढा जात नाही. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता तो काढून इकडे लावला, गाडी लगेच चालू, म्हटलं रिले खराब! चार दिवसांनी परत अडकली. म्हणजे रिलेही नाही, रिले काढून घातल्यामुळे पिन परत घट्ट बसली होती फक्त. मग टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये बघितलं तर चार खाचांपैकी एक पसरलेली आणि कडेला किंचित तपकिरी झालेली. सोलेनॉइड ओढताना सुरुवातीला बराच करंट घेतो, तो सैल पिनमधून गेला की ती तापते, तापली की अजून सैल होते. बॅटरीची केबल काढून खाच पकडीने हळूच आवळली. त्याला आता बरेच महिने झाले.

आता ज्यांचं इंजिन फिरतं पण पेट घेत नाही त्यांची गोष्ट वेगळी, तिथे सेल्फ आणि बॅटरी सोडा आणि स्पार्क आणि पेट्रोल याकडे वळा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूं असा पंपाचा बारीक आवाज येतो, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत येतो, तो रोज ऐकायची सवय लावा म्हणजे ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी लगेच कळेल. सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागत असेल पण चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर पटकन चालू होत असेल तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय, पंपातला व्हॉल्व्ह नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. गरम असताना पेट घेत नाही आणि अर्धा तास थांबलं की मुकाट चालू होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला कळवणारा) आधी संशय घ्या, तो गरम झाला की मुका होतो आणि गार झाला की बोलायला लागतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का बघा, बऱ्याच गाड्यांत हलतो, अजिबात हलला नाही तर सेन्सरचा सिग्नल येत नाहीये अशी दाट शक्यता. डिझेलवाल्यांनी फिल्टर आणि कुठून हवा शिरतेय का ते आधी बघावं, आणि थंडीतच त्रास असेल तर ग्लो प्लग (चालू करताना इंजिन आतून तापवणारे). आणि हो, पेट घेत नाही म्हणून मिनिट मिनिट सेल्फ मारत बसू नका, दहा सेकंद मारा, अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळेल आणि मग एकाचे दोन बिघाड होतील.

चावीचाही एक भाग आहे. इमोबिलायझरवाल्या (चोरी रोखायची सोय असलेल्या) गाडीत चावीच्या मुठीत एक चिप असते, ती ओळखली गेली नाही तर काही गाड्या सेल्फच फिरू देत नाहीत, काही चालू होऊन एक-दोन सेकंदात बंद पडतात. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलुपाचा दिवा लुकलुकतोय का ते बघा, दुसरी चावी वापरून बघा, जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला काढा. बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल संपत आला की असाच लपंडाव चालतो, तेव्हा रिमोट बटणाला टेकवून किंवा कंपनीने सांगितलेल्या जागी धरून बटण दाबलं की बहुतेक चालू होते.

आणि स्कॅनर. हल्ली गॅरेजात पहिलं काम म्हणजे स्कॅनर लावणं, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणं, आणि ‘कोड नाही म्हणजे गाडी नीट’ हा निकाल. कोड क्रँक सेन्सरचा येऊ शकतो, P0335 असा, इंधन पंपाच्या सर्किटचा येऊ शकतो, पण सैल टर्मिनल, गंजलेली अर्थिंग, पसरलेली पिन यांचा बऱ्याच गाड्यांत काहीच कोड येत नाही, कारण कंप्युटर त्या वायरीकडे बघतच नसतो. माझ्या गाडीत तीन वेळा स्कॅनर लागला, तिन्ही वेळा स्वच्छ. शिवाय काही मेकॅनिक आधी कोड पुसतात आणि मग विचारतात काय झालं होतं. पुसायच्या आधी फोटो काढून ठेवायला सांगा, कोडबरोबर त्या क्षणाचं तापमान, स्पीड वगैरे साठवलेलं असतं ते सोन्यासारखं असतं.

रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते वाली तक्रार असेल तर तो अजून तिसराच प्रकार, कुठेतरी चोरून करंट जातोय. गाडी बंद करून सगळे कंप्युटर झोपेपर्यंत, कधी अर्धा तासही लागतो, थांबून मोजलं तर साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असलं पाहिजे. 45 अँपिअर-तासाची बॅटरी तेवढ्यावर रिकामी व्हायला महिन्याच्या वर लागतो, म्हणजे जी एका रात्रीत बसते तिथे नक्की काहीतरी जागं आहे, डिकीतला दिवा, नंतर बसवलेला कॅमेरा, नाहीतर अलार्म.

जाता जाता एक, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ पहिल्यांदा आला, त्याआधी लोक पुढे उभं राहून हँडल मारायचे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. ते दिवस परत यावेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण हँडल मारणाऱ्याला इंजिन जड आहे की मोकळं हे हाताला कळायचं, आपल्याला आता फक्त एक बटण आणि एक शांतता मिळते, म्हणून निदान त्या शांततेचा प्रकार तरी नीट ऐकून घ्यायला हवा.

मेकॅनिक मंडळींवर राग नाही माझा. त्यांच्यासमोर गाडी अडकतच नाही तर ते तरी काय करणार, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणत असतं काहीतरी करा. पण ‘हे बदलून बघू’ असं म्हटलं की एवढं विचारा, हेच खराब आहे हे कशावरून मोजलं? उत्तर व्होल्टमध्ये आलं तर बदलू द्या. ‘अनुभवावरून’ असं आलं तर म्हणा आठ दिवस बल्ब लावून देता का.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ‘आधी बॅटरी बदला’च्या जागी ‘आधी बॅटरी मोजा’ एवढा एक शब्द तेवढा बदला. माझी जुनी बॅटरी, जी मी मेली म्हणून काढली होती, ती मेव्हण्याच्या गाडीत अजून चालतेय, आणि तो मला दर भेटीत त्याबद्दल धन्यवाद देतो.

आपला,
एक वाचक